बीपच्या आधीचा ठोका

आमच्या टायपिंगच्या बाई वर्गात कधीच आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मला ते फार विचित्र वाटलं होतं. दोन जिने चढून गेल्यावर एक लांबट खोली, तीन रांगांत अठरा मशीन, रिबनच्या शाईचा आणि तेलाचा वास, आणि बाई आमच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभ्या. अठरा मशीन एकदम वाजू लागली की शेजारचीचं बोलणंही ऐकू येत नसे. त्या गदारोळात बाई मान न वळवता म्हणाल्या, "मधली रांग, चौथं मशीन. करंगळीचं काम शेजारच्या बोटाला का सांगतेस गं?"

चौथ्या मशीनवर मी होते. माझ्या अंगावर काटाच आला.

बाईंना मुलं मागून टकटकबाई म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक अक्षराला आपला आवाज असतो. कडेची अक्षरं पोकळ वाजतात, मधली भरीव. शिवाय बोट लांबून आलं की किंचित उशीर होतो. पस्तीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं. लग्न केलं नाही. वर्गामागच्या दोन खोल्यांत राहिल्या. पुढे कॉम्प्युटर आले, वर्ग ओस पडला, अठरापैकी सतरा मशीन भंगारवाल्याने नेली. आम्हाला वाटलं बाई खचतील. पण त्यांचा स्वभावच उत्साही. नवीन काही निघालं की त्या लहान मुलीसारख्या पुढे. पहिला मोबाइल त्यांनी गल्लीत सगळ्यांच्या आधी घेतला होता.

त्यामुळे आमच्या शहरात सरकारने डिजिटल चलनाची चाचणी सुरू केली तेव्हा रांगेत पहिला नंबर कोणाचा लागला असेल, हे वेगळं सांगायला नको. बाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या. सकाळी आठला केंद्र उघडणार, तर या सव्वासातला पायरीवर हजर!

कल्पना सोपी होती. नोटा जशा सरकार छापतं, तसेच हे पैसे सरकारच काढणार, फक्त कागदाचे नाहीत. एक जाडसर कार्ड मिळायचं. पैसे त्या कार्डातच. बँकेत खातं असायची गरज नाही, नेट नसलं तरी चालतं. दुकानात मशीनला कार्ड टेकवायचं, चार आकडी पिन दाबायचा, बीप, झालं. पण कार्ड म्हणजेच पाकीट. ते हरवलं आणि कोणाला पिन ठाऊक असला, तर नोटांचं पाकीट हरवल्यासारखंच. पैसे गेले ते गेले. म्हणून पिन कोणाला सांगू नका, असं केंद्रातल्या प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं होतं.

बाई कार्ड घेऊन थेट भावाच्या दुकानात गेल्या. त्यांच्या धाकट्या भावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. बहिणीवर त्याचा भारी जीव, पण दाखवायची पद्धत म्हणजे तिच्यावर खेकसणं.

"ताई, तुझं हे कार्ड म्हणजे नसती उठाठेव आहे," तो म्हणाला.

"तुझ्या गल्ल्यावर तेच मशीन बसवलंय ना त्यांनी? मग गप्प बस आणि मला दोन आकडे दे. भिंतीतले आकडे, टॉवेल अडकवायचे."

बाईंनी कार्ड टेकवलं, पिन दाबला, बीप वाजला. त्या चक्क टाळी वाजवून हसल्या. सुटे नाहीत म्हणून गोळ्या घ्या, फाटकी नोट चालणार नाही, सगळी कटकट संपली! पंधरा दिवस त्यांनी ते कार्ड जिथे तिथे वापरलं. मग एका दुपारी त्या पुन्हा दुकानात येऊन स्टुलावर बसल्या आणि येणारी-जाणारी गिऱ्हाइकं कौतुकाने बघू लागल्या. खरं तर बघत नव्हत्या. सवयीने रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मागे गल्ल्यावर मशीन वाजत होतं.

चौथं की पाचवं गिऱ्हाईक असेल. बाईंच्या लक्षात आलं की आपली बोटं मांडीवर हलताहेत. एखादं गाणं ऐकताना पाय हलावा तशी. बोटं काय करताहेत ते त्यांनी बघितलं आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. बोटं आकडे दाबत होती.

गल्ल्यापाशी एक रंगारी ब्रश घेऊन निघाला होता. बाई त्याच्या मागे दारापर्यंत धावल्या, त्याला बाजूला घेतलं आणि कानाशी पुटपुटल्या, "चार, सात, सात, एक?"

रंगाऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. आत्ता," बाई म्हणाल्या. "ताबडतोब बदला. आणि माझ्यावर रागावू नका, मी शोध लावलाय!"

भावाला आधी वाटलं ताईला ऊन लागलं. मग त्याने स्वतःच मशीनवर कसेही आकडे दाबून बघितले. बाई फुटपाथवर पाठ करून उभ्या. तो दाबत गेला, त्या सांगत गेल्या. सहा वेळा दाबलं, सहाही वेळा बरोबर. त्याने भर दुपारी शटर खाली ओढलं. बावीस वर्षांत त्याने असं दोनदाच केलं होतं, आणि दोन्ही वेळा घरात बाळंतपण होतं.

मी या गोष्टीत आले ती इथून. मी कोर्टात टायपिस्ट आहे. त्या दिवशी अर्धी रजा टाकून कार्ड घ्यायला केंद्रात गेले होते. रांगेत उभी असताना आमच्या बाई वाऱ्यासारख्या आत शिरल्या, मागे घामाघूम झालेला भाऊ. काउंटरवरच्या माणसाला बाई म्हणाल्या, "तुमच्या मशीनचे पिन ऐकू येतात." त्याने शांतपणे मशीनचा आवाज कसा कमी करायचा याचं पत्रक पुढे केलं.

"मला आवाज कमी नकोय! मला साहेब हवेत!"

साहेब म्हणजे केंद्रप्रमुख मॅडम निघाल्या. पस्तिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, समोर थंड झालेला चहा. त्यांच्या केबिनमध्ये मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर बसला होता. काचेचं दार उघडंच होतं, त्यामुळे रांगेतल्या आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

इंजिनियर समजूतदारपणे हसला. "आजी, हा विचार आम्ही केलाय. म्हणूनच सगळ्या बटणांना एकच बीप ठेवलाय. एक दाबा, नाहीतर नऊ दाबा, बीप तोच."

"मी आजी नाही, कोणाचीच," बाई म्हणाल्या. "आणि बीपचं कोण बोलतंय? बीपच्या आधी ठोका असतो. बोट बटणावर पडतं त्याचा. तो प्रत्येकाचा वेगळा आहे."

मॅडमनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "सिद्ध करून दाखवाल?"

रांगेतले बाराजण आत बोलावले, त्यात मीही. इंजिनियर हुशार होता; म्हणाला, खरा पिन कोणी दाबू नका, मनातले कुठलेही चार आकडे दाबा आणि तेच चिठ्ठीवर लिहून मॅडमकडे द्या. बाई कोपऱ्यात, कपाटाकडे तोंड करून. मशीन मॅडमच्या टेबलावर फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

पहिल्याने दाबलं. बाई म्हणाल्या, "दोन, पाच... आठ, पाच?" मॅडमनी चिठ्ठी उघडली. चूक. दुसरा, चूक. तिसरा, चूक. चौथ्याला एकच आकडा जुळला. कोणीतरी खुदकन हसलं. या बाईंच्या एका शब्दावर आम्ही थरथरायचो, आणि आज त्या कपाटासमोर कानांच्या पाळ्या लाल करून उभ्या होत्या.

"झालं?" इंजिनियर म्हणाला.

बाई वळल्या. मशीनकडे बघितलं, मग फायलींकडे. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वर्गातली ती खिडकी आठवली. "अरे, तुम्ही त्याला गादीवर झोपवलंय! दुकानात ते पत्र्याच्या स्टँडवर असतं. स्टँड कुठाय?"

स्टँड केंद्राच्या कोपऱ्यात खोकंभर पडले होते. भावाने खिशातून पेचकस काढला. त्याच्या खिशात तो बाराही महिने असतो. "मॅडम, तुमच्या टेबलाला चार भोकं पडतील."

मॅडमनी थंड चहाचा कप टेबलावरून उचलला. "पाडा," त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत दुकानात असतो तसाच स्टँड टेबलावर घट्ट बसला आणि त्यात मशीन. बाई परत कपाटाकडे तोंड करून उभ्या, आणि बाराही जणांनी नव्याने चिठ्ठ्या लिहिल्या.

"नऊ, शून्य, तीन, तीन."

मॅडमनी चिठ्ठी उघडली. ती तशीच इंजिनियरच्या हातात दिली.

"सहा, एक, आठ, दोन." बरोबर. "एक, एक, एक, एक. काय हे, जरा तरी डोकं चालवायचं!" बरोबर. लोक आता पुढे सरसावले होते, दारात गर्दी झाली होती, प्रत्येक चिठ्ठीला 'हो!' असा एकच आवाज उठत होता. माझी पाळी आली. मुद्दाम मी वेगवेगळ्या बोटांनी दाबलं. बाई म्हणाल्या, "पाच, दोन, सात, चार. आणि ही कोण? टायपिंग शिकलेली दिसतेय." मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

बारापैकी अकरा बरोबर निघाले. चुकलेले एक आजोबा होते. ते आपल्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिले आणि ओशाळून म्हणाले, "लिहिताना माझाच घोळ झाला हो. दाबलं ते बाई म्हणतात तेच."

मग जो कल्ला झाला! भाऊ तर पेचकस हवेत नाचवत होता. इंजिनियर मात्र खाली वाकून स्टँडला नखाने टिचक्या मारत बसला होता. स्टँडचा वरचा पत्रा एका कडेला दोन स्क्रूंवर धरलेला, दुसरी कड मोकळी. स्क्रूपाशी ठोका दबका, मोकळ्या कडेला खणखणीत. "साधा मोबाइल शेजारी ठेवून रेकॉर्ड केलं तरी ओळखता येईल," तो हळूच म्हणाला. मग मान वर करून त्याने विचारलं, "बाई, आतापर्यंत असे किती जणांचे पिन ऐकलेत तुम्ही?"

"मोजले नाहीत. सगळी दुकानं धरून वीसेक असतील."

"म्हणजे वीस लोकांचे पिन यांना माहीत आहेत," तो मॅडमना म्हणाला. "आधी यांचं कार्ड बंद करायला हवं."

"तुझं तोंड बंद कर आधी!" भाऊ उसळला. बाईंनी हातानेच त्याला खाली बसवलं.

मॅडम मध्ये पडल्या. कार्ड कोणी बंद करणार नाही, पण बाई कुठल्या कुठल्या मशीनजवळ उभ्या राहिल्या त्यांची यादी लागेल, म्हणाल्या. त्या दुकानांतल्या गिऱ्हाइकांना पिन बदलायला कळवता येईल. हेतू चांगलाच होता. त्यांनी बाईंचा कार्ड नंबर टाकला आणि पडद्यावरचं भराभर मोठ्याने वाचू लागल्या.

"हार्डवेअर. औषधांचं दुकान, गुडघ्याचं मलम. किराणा. मंगळवारी सकाळी साडेसहा, जलतरण तलाव, शिकाऊ प्रवेश. शुक्रवारी पुन्हा जलतरण तलाव. पोहण्याची टोपी, एक..."

"पोहण्याची टोपी?" भाऊ म्हणाला.

दारातल्या गर्दीत हशा पिकला. वाईट अर्थाने नव्हे, पण पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी पस्तीस शब्दांच्या स्पीडला तीस चुका केल्या तेव्हाही असा झालेला पाहिला नव्हता.

"ताई, तू पोहायला जातेस?"

"शिकतेय," बाई म्हणाल्या. "तलावाची एक लांबी पूर्ण झाली की सांगणार होते. अर्ध्यावर दम लागतो अजून." मग त्या मॅडमकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "मॅडम, हे तुम्हाला कोणाला विचारून दिसतं?"

"विचारून असं नाही. चाचणी आहे ना, त्यामुळे केंद्रातल्या सगळ्यांना दिसतं."

"सगळ्यांना म्हणजे किती जणांना?"

मॅडमनी मनात मोजलं. "सतरा."

"माझ्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या, "आणि सतरा परक्या माणसांना माझ्या टोपीपर्यंत सगळं माहीत आहे. नोट दिली असती तर त्या तलावावरच्या पोरीखेरीज कोणाला कळलं असतं? ठोक्याचं तरी बरं, ती तुमची चूक होती. हे तर तुम्ही ठरवून केलंय."

मॅडमचा हात पडद्याच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी पडदा बंद केला. "मी मोठ्याने वाचायला नको होतं," त्या म्हणाल्या. "माफ करा."

"तुम्ही मनातल्या मनात वाचलं असतं तर मला कळलंच नसतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते."

त्या संध्याकाळी बाईंनी उरलेल्या एकमेव मशीनवर तक्रार टाइप केली. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. पहिल्या पानावर ठोका, दुसऱ्यावर नोंदी. मी कागद लावून देत होते. आवाज असा, की जुने दिवस परत आले. भाऊ दारात उभा राहून म्हणत होता, "पहिलं पान पुरे की ताई. दुसऱ्याने साहेब लोक बिथरतील."

"बिथरू देत," बाई म्हणाल्या आणि पुढची ओळ सुरू केली.

महिन्याभराने मुख्य कार्यालयातून बोलावणं आलं. बाईंबरोबर मीही गेले. सात माणसांची समिती, लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. पहिल्या पानाला अर्धा तासही लागला नाही. मॅडमनी आणि त्या इंजिनियरनेच सगळं मांडलं, स्टँडसकट. इंजिनियरने सांगितलं की ठोक्याची गोष्ट बाईंच्या लक्षात आली, आमच्या नव्हे. मला तो माणूस तेव्हा आवडला.

दुसऱ्या पानावर मात्र जुंपली. समितीतले एक टक्कल पडलेले गृहस्थ म्हणाले, "बाई, नोंदी नसतील तर चोर पकडायचे कसे? लबाडी करणाऱ्याला रान मोकळं मिळेल."

"पकडा की! मी कुठे नको म्हणते? पण चोर पकडायचा म्हणून गावातल्या सगळ्या घरांची दारं रोज उघडी ठेवता का तुम्ही? ज्याचा संशय आहे त्याचं दार उघडा. कोणी उघडलं ते लिहून ठेवा. आणि ज्याचं उघडलं त्याला कळवा."

"आधीच कळवलं तर चोर सावध होईल."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मग चोराला नंतर कळवा. पण मला, पोहायला जाणाऱ्या बाईला, लगेच कळवा. चोर किती आणि आम्ही किती, याचा हिशेब तुम्हीच करा."

सातांपैकी तिघे हसले, आणि मला वाटतं तिथेच काम झालं. म्हणजे सगळं नाही. मोठ्या रकमांच्या नोंदी नावासकट राहिल्याच, त्यावर समिती हटली नाही आणि बाई परतीच्या वाटेवर त्यावरून कुरकुरत होत्या. पण किरकोळ खरेदीपुढचं नाव आणि दुकान केंद्रातल्या माणसांना दिसणं बंद झालं. एखादी नोंद उघडायची तर दोन अधिकाऱ्यांची परवानगी आणि कारण लागणार, आणि चौकशी चालू नसेल तर कार्डवाल्याला त्याच घटकेला मोबाइलवर संदेश जाणार, असं लेखी ठरलं.

स्टँड बदलले. बटणांखाली रबर आलं, आणि पिनसाठी काचेचा पडदा, ज्यावर आकड्यांच्या जागा दर वेळी बदलतात. नवीन मशीन बाजारात जाण्याआधी इंजिनियर स्वतः ते बाईंकडे घेऊन आला. बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. आम्ही दाबत गेलो. मी, भाऊ, मॅडम, इंजिनियर. बाई कान टवकारून सांगत गेल्या आणि एकही पिन जुळेना. दहा झाले, वीस झाले. मॅडमनी शेवटी विचारलं, "काहीच नाही?"

"काहीच नाही!" बाई ओरडल्या आणि आनंदाने इंजिनियरच्या पाठीवर असा धपाटा घातला की तो खोकायला लागला. "हरवलंत मला! शाबास!"

कंपनीने त्यांना पुढच्या प्रत्येक मशीनच्या तपासणीसाठी बोलवायचं ठरवलं, मानधन देऊन. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पत्र दाखवत होत्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, आम्ही त्यांच्या खोलीत चहा पीत होतो. बाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी संदेश वाचला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. 'आपल्या कार्डाची नोंद आज सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी केंद्रात उघडण्यात आली. कारण: तपासणी.' बाईंनी चहा तसाच ठेवला, मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"माझी नोंद का उघडलीत?"

"तुम्हीच पहिल्या आठवलात," पलीकडून मॅडमचा हसरा आवाज आला, जणू त्याही फोनजवळच बसल्या होत्या. "परवानगीच्या कागदावर आम्ही दोघा अधिकाऱ्यांनी सह्या केल्यात. मला बघायचं होतं, संदेश खरंच जातो का."

"गेला!" बाई खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. "अहो गेला! आला! मिनिटाच्या आत आला!"

"बरं मग, बंद करते मी नोंद."

"करा, करा. आणि मॅडम, काय दिसलं तेवढं सांगा."

"नुसत्या तपासणीला नाव दिसत नाही, दुकानही नाही. फक्त आकडे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काय घेतलंत, देव जाणे."

"उत्तम!" बाई म्हणाल्या, फोन ठेवला, आणि भावाला म्हणाल्या, "आण रे, अजून एकेक कप टाक सगळ्यांना."